एका डोळ्याचा मोबाईल

धाकटी डहाणूच्या जमुनाला मासा निवडायला कुणी शिकवू नये. समोरच्या पाटीत पापलेट कितीही चकाकत असलं, तरी ती आधी म्हणणार, "पलटी कर." चांगली बाजू वर आणि दबलेली बाजू खाली, हा बाजाराचा रिवाज तिला पुरेपूर ठाऊक, कारण ती स्वतः आयुष्यभर तेच करत आली होती. पण दबलेला मासा ती टाकूनही देत नसे. भाव पाडायची आणि घ्यायची. कालवणात पडल्यावर तो कुठल्या बाजूने दबला होता हे कोण विचारतंय!

पौषातल्या एका सकाळी सुक्या बोंबलांचा माल देऊन झाल्यावर ती रिकामी पाटी काखोटीला मारून सागर नाक्याजवळच्या प्रविणच्या दुकानात शिरली. प्रविण मूळचा उधव्याचा. जुने मोबाईल घेऊन, नीटनेटके करून विकायचा. दुकान एवढंसं, की पाटी आत आली की दुसऱ्या गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहावं.

"जुना मोबाईल दाव," जमुना म्हणाली. "मोठ्या काचेचा. मानसाचं तोंड मोठं दिसंल असा."

"कुणाचं तोंड, मावशी?"

"माझ्या जिग्नेसचं. आनखी कुनाचं बगू?"

जिग्नेश तिचा एकुलता एक. नारळी पौर्णिमा झाली की डहाणू-तलासरीकडची कितीतरी माणसं गुजरातच्या मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जिग्नेश यंदा पहिल्यांदाच गेला होता. त्याच्या आधी त्याचा बाप, मोतीराम, वर्षानुवर्षं गेला. आता मोतीरामचे गुडघे कामातून गेले होते आणि तो अंगणात बसून लोकांची जाळी विणून देत असे. बोलायचा कमी. मोतीरामला बोलतं करण्यापेक्षा ओहोटीला होडी ढकलणं सोपं, असं जमुनाच म्हणायची.

दर्यावर निघालेल्या माणसाची पाठ बघू नये, अपशकुन होतो, ही जमुनाच्या सासूची शिकवण. त्या घरात ती कुणी मोडली नव्हती. त्यामुळे बोटीच्या मालकाने पाठवलेली बस नाक्यावर आली तेव्हा जमुनाने जिग्नेशच्या हातात सुकटीची पिशवी दिली, त्याच्या शर्टाची कॉलर उगाच सरळ केली, आणि तो खिडकीत बसल्याबसल्या पाठ फिरवून घराची वाट धरली. बस सुरू झाल्याचा आवाज आला. ती वळली नाही. डोळ्यांना लागलेली धार मात्र थेट घरापर्यंत थांबली नव्हती, आणि ती त्याने पाहिली नाही याचंच तिला बरं वाटलं होतं.

नंतर उरला तो फक्त आवाज. बोट बंदराला लागली की एक दिवस बर्फ आणि डिझेल भरायचा. त्या दिवशी जमुनाचा बटणांचा डबडा फोन वाजायचा. "जेवलास काय?" "जेवलो." "ताप बिप नाय ना?" "नाय." मग पुन्हा बोट खोल दर्यात, आणि फोन मुका.

आवाजाने पोट भरत नाही. ही दुधाची तहान ताकावर भागवायची गोष्ट, आणि ताकही महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी. शेजारची रुपल आपल्या नवऱ्याशी व्हिडिओवर बोलायची ते पाहून जमुनाने एकदा तिच्या फोनवरून जिग्नेशला लावून घेतलं. पण ही बातमी वाडीत पसरायला कितीसा वेळ! बघता बघता सारी आळी फोनवर वाकली. कुणी विचारतंय मासळी कशी लागली, कुणी विचारतंय पोरगी बघितलीस का. जिग्नेश लाजून "बरा हाय, बरा हाय" म्हणाला आणि बंद झाला. गर्दीतल्या कुणाच्यातरी खांद्याआडून जमुनाच्या वाट्याला त्याचा एक कान आला.

आणि जमुनाला भीती होती. मोतीराम बोटीवर असायचा त्या दिवसांत तिला एक वाईट अनुभव आला होता. पहिले काही आठवडे नवऱ्याचं तोंड डोळ्यांसमोर लख्ख असायचं. मग हळूहळू विरत जायचं. नाक कसं होतं, भुवया जाड की बारीक, काही केल्या आठवायचं नाही. एकदा तर तो दारात उभा राहिला आणि क्षणभर तिने परक्या माणसाला पाहावं तसं त्याला पाहिलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की मला माझा घो ओळखू आला नाही? आता तेच लेकाचं व्हायला लागलं होतं. काल भाकरी थापता थापता तिने जिग्नेशचं हसणं आठवायचा प्रयत्न केला, आणि दिसला तो पाचवीतला पोर, दात पडलेला. आत्ताचा जिग्नेश कुठे गेला होता कुणास ठाऊक. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि ठरवलं, मोबाईल घ्यायचा.

प्रविणने काउंटरवर तीन मोबाईल ठेवले. पहिला आरशासारखा लखलखत होता. जमुनाचा हात तिकडे गेला, तसा प्रविणच म्हणाला, "तो नको, मावशी. काच नवीन बसवलीय म्हणून चमकतो. आतली बॅटरी फुगायला लागलीय. तो सुट्या भागांसाठी ठेवलाय. जुना फोन घेताना चकाकी बघायची नाही."

"मासळीवर पानी मारतात तसं," जमुना म्हणाली. "मंग काय बगायचं ते सांग."

प्रविण खुशीत आला. असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला क्वचित भेटायचं. त्याने चार्जिंगचं भोक उजेडात धरून दाखवलं: खाऱ्या हवेनं इथे गंज धरतो, आधी तो बघायचा. काचेवर बोट कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरवायचं, कुठे अडतंय का ते कळतं. फोनचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवा, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडायचा. आधीच्या मालकाचं खातं काढलेलं हवं. आणि फार जुना घेतला तर व्हॉट्सॲपच चालायचं बंद होतं, मग तो पाट्यावर वाटायलाही उपयोगाचा नाही.

"हा घ्या," त्याने दुसरा पुढे केला. "छोटा आहे, पण सगळ्या अंगाने चांगला. तुमच्या बजेटात बसतो."

जमुनाने तो तळहातावर ठेवून पाहिला. सुक्या मांदेलीएवढा. यात जिग्नेशचं तोंड ते केवढं दिसणार!

"आनि हा मोठा?"

"हाही त्याच भावात. बॅटरी चांगली, काच मूळची, सगळं ठीक." प्रविण जरा थांबला. "पण..."

"पलटी कर," जमुना म्हणाली.

प्रविण हसला. "खोट मागे नाही, मावशी, पुढेच आहे. पुढचा कॅमेरा गेलाय. मागचा चालतो. पण व्हिडिओ कॉलवर तुम्हाला समोरचा दिसेल, समोरच्याला तुम्ही दिसणार नाही. म्हणून तर एवढ्या स्वस्तात मिळतोय. मी सांगतो, छोटाच घ्या."

जमुनाने मोठा फोन हातात घेतला. प्रविणने त्यावर कुणाचा तरी फोटो लावून दाखवला. माणसाच्या भुवईचा केस न् केस दिसत होता. बस्स. घोडं गंगेत न्हालं.

"मला बगायचं हाय रे, दावायचं नाय. माझ्यात काय बगायचंय? वाळल्याला बोंबील." तिने कमरेची पिशवी सोडली. "एका बाजूनं दबलेली मासळी मी काय आज घेते? हाच दे."

प्रविणने पुन्हा एकदा सांगून पाहिलं. पण गिऱ्हाइकाने पिशवी सोडल्यावर फार ताणू नये, हे त्यालाही कळत होतं. त्याने जुन्या फोनमधलं सिमकार्ड कापून नव्यात बसवलं.

पुढचं सगळं रुपलने करून दिलं आणि जिग्नेशला निरोप धाडला, की आईचा स्वतःचा मोबाईल आला. बोट बाहेर होती. निरोप तसाच पडून राहिला. जमुना बोंबील वाळत घालायला गेली तरी मोबाईल पदरात बांधून न्यायची, आणि बांबूच्या वलांडीवर बोंबलांच्या जोड्या अडकवता अडकवता दर थोड्या वेळाने गाठ चाचपायची. वाडीतल्या बायका चिडवायच्या, "काय गो जमुना, अंडं घातलंय काय पदरात?" ती चिडायची नाही. हसायचीही नाही.

तो वाजला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जमुना हात पुसत जाळ्यांच्या छपराखाली धावली. मोतीराम तिथेच विणत बसला होता. रुपलने शिकवल्याप्रमाणे तिने हिरव्या खुणेवर बोट सरकवलं. आधी बोटींची निशाणं हलताना दिसली, मग आभाळ, आणि मग एकदम तो.

काळवंडला होता. दाढी वाढली होती. डाव्या भुवईवर नवा व्रण होता, त्याबद्दल फोनवर एका शब्दाने बोलला नव्हता लबाड. हसला. दात सगळे जागच्या जागी. जमुना बघण्यात इतकी गुंतली, की जेवलास काय हेसुद्धा विचारायचं राहून गेलं.

"आये?" जिग्नेश म्हणाला. "आये, काळंच दिसतंय. बोट ठेवलंस काय वर?"

"नाय रे. त्याचा पुढला डोळा गेलाय. म्हाईत हाय मला. तसाच घेतला. तू बोल, मी बगते."

जिग्नेशचं हसू उतरलं. एवढ्या मोठ्या काचेवर ते उतरताना सगळं दिसलं.

"तसाच घेतलास? मंग मी काय बगू?"

"माझ्यात काय बगायचंय तुला? म्हातारी..."

"आये, ऐक ना." तो खाली बघायला लागला. मागे कुणीतरी बर्फासाठी हाका मारत होतं. "हितं रातचा पडलो का सगळं दिसतं. घर दिसतं, बाबा दिसतो, वलांडी दिसते. तू दिसत नाय. तुझी पाठ दिसते. बसमदनं दिसलेली. तोंड आठवाया गेलो का तू चालायलाच लागतंस. मला वाटलं, आता फोन आला, आज तरी..."

जमुनाला बसचा तो दिवस आठवला. आपण पाठ फिरवली ती त्याच्या भल्यासाठी. फोन घेतला तोही त्याच्यासाठीच, असं ती इतके दिवस समजत होती. तोंड विरून जायचं दुखणं फक्त मागे राहिलेल्या बाईला होतं, ही तिची पक्की समजूत होती.

"खरं हाय त्याचं," विणता विणता मोतीराम म्हणाला. मान वर केली नाही. "मलापन पाठच दिसायची तुझी."

"मंग इतक्या वर्सांत सांगितलं नाय ते?"

"तू इचारलं नायस."

दुसरा कुठला दिवस असता तर जमुनाने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

"आये," फोनमधून आवाज आला. "मागला कॅमेरा तरी चालतो काय?"

"चालतो म्हनला होता तो."

"मंग खाली दोन बाण हायेत गोल फिरल्याले, त्यावर बोट ठेव. आनि फोन उलटा धर. त्याची पाठ तुझ्या तोंडाकडं."

जमुनाला समजायला वेळ लागला नाही.

"मंग तू मला दिसनार नायस."

"नाय."

तिने काच जवळ घेतली. भुवई पाहिली, व्रण पाहिला, नाक पाहिलं, ओठांच्या कडा, गळ्यातला काळा दोरा. घाईघाईने, पण काही सोडलं नाही. मग बाणांवर बोट ठेवलं आणि फोन फिरवला.

आता तिच्यासमोर मोबाईलची पाठ होती. ओरखडे, आधीच्या मालकाने चिकटवलेल्या कुठल्यातरी चित्राचा अर्धा निघालेला कागद, आणि कोपऱ्यात वाटाण्याएवढं भिंग. जमुनाने डोक्यावरचा पदर मागे सारला. बोंबलांचा वास लागलेल्या हाताने केस चापून बसवले. कुठे बघायचं ते कळेना, म्हणून त्या भिंगाकडे बघितलं.

तिने फोन जरा लांब धरला.

"जिग्नेस? दिसते काय मी?"

"दिसतंस. बारीक झालीस गो आये."

"तू काय भरलास मोठा! कपाळाला काय झालं ते सांग आधी."

"सांगतो. तू हलू नको."

ती हलली नाही. डोळ्यांना धार लागली, ती तिने या वेळी पुसली नाही, तोंडही वळवलं नाही. जिग्नेश बोलत होता, दोराचा फटका कसा बसला ते सांगत होता, आणि तिला समोर दिसत होता तो नुसता अर्धा फाटका कागद. हात भरून आला तसा मोतीराम जाळं बाजूला ठेवून उठला, गुडघ्यांवर हात टेकत आला, आणि त्याने तिच्या कोपराखाली आपला हात धरला.

"आता पलटी करू काय रे?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं. "मला बगू दे तुला."

"जरा थांब, आये," जिग्नेश म्हणाला. "आजून बगतोय."

आणि जमुना थांबली.