खूण आपल्याकडे

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. लगेच कानांना हात लावू नका, मी गाणी ऐकायचा नव्हे. मी सायकलचा हेडसेट. खरं तर कानाला हात मीच लावायला हवा, पण मला ना कान, ना हात.

सायकलच्या हँडलखाली फ्रेमची एक आखूड, जाड नळी असते. तिच्या वरच्या तोंडाशी एक आणि खालच्या तोंडाशी एक अशा माझ्या दोन वाट्या बसतात. वाट्यांमध्ये बेअरिंग असतात आणि त्यांतून पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, म्हणजे फोर्कची, दांडी जाते. साध्या हेडसेटचं भोक अगदी मधोमध असतं. माझं मात्र मुद्दाम जरासं तिरकं पाडलेलं आहे, त्यामुळे नळी न बदलता फोर्कचा कोन बदलतो. माझ्या वाट्यांवरच्या खुणा चाकाच्या दिशेला ठेवल्या, तर फोर्क पुढे झुकतो, चाक बोटभर पुढे जातं आणि खड्या उतारावर सायकल शांत राहते. सपाटीवर वळायला ती जरा आळस करते, पण तेवढं चालतं. खुणा उलट्या बसल्या, तर सगळंच उलटं होतं. चाक आत येतं, हँडल चुळबुळ करू लागतं आणि उतारावर बसणाऱ्याला पुढे फेकायला टपून राहतं.

कारखान्यात लेथवरून उतरलो तेव्हा शेजारच्या खोक्यातले साधे हेडसेट मला वाकडा म्हणून चिडवत. तपासनिसाने मात्र मला मापात धरलं आणि म्हणाला, "बरोबर वाकडा आहे." एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

तिथून मी एका सायकलच्या दुकानात आलो. दुकान बाबांचं. त्यांचं मनगट आता अधू झालं होतं, म्हणून पाना थोरल्या लेकीच्या हातात आणि सूचना बाबांच्या तोंडात, अशी वाटणी होती. धाकटी लेक डोंगरउतारावर सायकल चालवायची. ती इतक्यांदा पडली होती की घरात तिचं नावच घसरगुंडी पडलं होतं. टेकडीच्या उतारावर दगडाची एक पायरी होती. तिथे एकदा ती हँडलवरून पलीकडे गेली आणि हनुवटीला टाके पडले. बाबा तिला सायकल सोड म्हणाले नाहीत. त्यांनी मला मागवलं. त्या पायरीवरून तिला धड खाली आणायचं, एवढ्यासाठीच मी त्या घरात आलो.

मला बसवलं तो प्रसंग मी विसरू शकत नाही. फोर्क काढलेली फ्रेम स्टँडवर होती. बाबा नळीच्या पुढ्यात, चाक येतं त्या बाजूला, स्टुलावर बसून फ्रेम धरत होते. थोरली सीटच्या बाजूला वाट्या दाबून बसवायचा प्रेस घेऊन उभी होती.

"बाबा, खूण कुठे?"

"आपल्याकडे," बाबा म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी हवा भरायला आलं आणि बाबा उठून गेले. थोरलीने माझी खूण आपल्याकडे, म्हणजे स्वतःकडे, सीटच्या दिशेला फिरवली आणि प्रेस आवळायला घेतला.

मला त्या क्षणी कळलं होतं. पण मित्रांनो, हेडसेटला बोलायची एकच रीत असते, ती म्हणजे कुरकुरणं. थोरलीचं काम इतकं चोख होतं, ग्रीस इतकं नेमकं, वाट्या इतक्या सरळ बसलेल्या, की कुरकुरायला जागाच उरली नाही. चुकीच्या बाजूला मी अगदी उत्तम बसलो होतो.

धाकटीने गल्लीत एक चक्कर मारली. "हँडल जरा चपळ झालंय का हो, बाबा?"

"नवीन आहे. सवय होईल. आता बिनधास्त जा."

ती बिनधास्त गेली. त्याच पायरीवर पुढचं चाक अडलं, हँडल वळलं आणि ती खांद्यावर आपटली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो हँडलच्या इतका जवळ होता की मला वाटलं, मीच मोडलो. मोडलो असतो तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्या घरात अपराधाची जणू लुटालूट सुरू झाली, जो तो आपल्याच पदरात ओढायचा. बाबा म्हणायचे, "मीच तिला बिनधास्त जा म्हणालो." थोरलीने पाना हातात घेणं सोडलं आणि गल्ल्याशी बसून नुसत्या ट्यूब विकू लागली. दोघांना बरं वाटावं म्हणून धाकटी म्हणायची, "माझाच ब्रेक उशिरा लागला." आणि खरा गुन्हेगार खुंटीला टांगलेल्या सायकलमध्ये गप्प बसला होता. कुणी माझ्याकडे रागाने पाहिलंही नाही. ते मला फार लागलं.

हात गळ्यात बांधलेली धाकटी कंटाळून दुकानात येऊन बसायची. माझ्या शेजारी तिच्याच सायकलसारखी एक विकाऊ सायकल टांगली होती. एकदा ती दोन्हींकडे बघत राहिली.

"ताई, माझ्या सायकलचं नाक आत गेलंय का गं?"

थोरली आली. तिने चिंधीने नळीवरचा चिखल पुसला आणि माझी खूण पाहिली. खूण सीटकडे होती.

"बाबा, तुम्ही म्हणालात, खूण आपल्याकडे."

"हो, आपल्याकडेच की," बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. थोरलीचाही हात तिच्या छातीवर होता. दोघं एकमेकांसमोर तसेच उभे राहिले. धाकटी आधी हसली, मग कळवळली. "हसवू नका रे, हाड दुखतं."

पण थोरली रडत होती. "दुसऱ्या कुणाकडून बसवून घे. माझ्या हाताने नको."

"दुसऱ्या कुणी बसवलं तर मी सायकलवर बसणारच नाही," धाकटी म्हणाली. "तूच बसव. आणि बाबांच्या शेजारून बसव."

मला ठोकून बाहेर काढलं तेव्हा दुखलं, पण ते मला हवंच होतं. थोरली सीटकडची जागा सोडून बाबांच्या बाजूला आली. बाबांनी तिच्या हातावर आपला अधू हात ठेवला.

हाड जुळल्यावर धाकटी त्या उताराला गेली. पायरी आली, चाक पुढे होतं, सायकल शांत होती, ती खाली उतरली. खाली थोरली डोळे मिटून उभी होती. मला शाबासकी मिळाली, पण ती घेताना मला लाज वाटली.

मित्रांनो, सायकल धुताना मला विसरू नका. माझ्यात ग्रीस घाला, पाणी साचू देऊ नका. आणखी एक विनंती आहे. कुणी 'आपल्याकडे' म्हणालं, तर एकदा विचारा, कुणाकडे? विचारणाऱ्याला बावळट म्हणू नका.

आता मी झिजलो आहे, खूणही पुसट झाली आहे. तरी धाकटी निघाली की थोरली अंगठ्याने मला चाचपते आणि दुकानाच्या आत हाक मारते, "बाबा, कुणाकडे?"

"चाकाकडे!" आतून उत्तर येतं.

ते ऐकल्याशिवाय धाकटी पॅडलवर पाय ठेवत नाही. आणि मलाही तोवर चैन पडत नाही.