आतली कडी

मोटारीच्या टपावर तांब्याचा बंब आडवा बांधला होता आणि प्रत्येक खड्ड्याला तो कण्हत होता.

शहाबादी फरशीवर पाणी टाकलं की ती आधी काळी होते, मग निळी.

गाण्यात नातेवाईक संपले की भाजीपाला घ्यायचा.

आबासाहेब दिवसातून कितीतरी वेळा पाय धुतात. इंदापुरात हे सगळ्यांना माहीत आहे, कारण ते स्वतःच सांगतात.

तोंड उघडं ठेवून केस धुतले की शिकेकाई घशात जाते.

"या, बसा."

*

सणसरला रावजीच्या घरामागं एक सपाट दगड होता. तीन बाजूंना कूड, चौथ्या बाजूला गोणपाट. ही न्हाणी. गोणपाट वारा उडवायचा, कुत्रं उचलायचं, आणि घरातल्या कुणालाही ते दार वाटायचं नाही. म्हणून रीत पडली होती : बाई आत असली की तिनं गात राहायचं. गाणं ऐकू आलं की पुरुषानं लांबूनच माघारी फिरायचं. गाणं थांबलं की न्हाणी मोकळी.

पुरुष आत असला तर त्यानं काहीच करायचं नाही. तो पुरुष होता.

रावजीची बायको चंद्राबाई लग्न होऊन आल्यापासून गात होती. आवाज म्हणजे रहाटाचं कोरडं चाक. देवांची गाणी पहिल्याच वर्षात संपली. मग तिनं नातेवाईक घेतले :

"नणंद माझी गोरी, तिच्या नाकाला शेंडा न्हाय,
दिराच्या धोतराला, बाई, कासोटा धड न्हाय."

नातेवाइकांनी हरकत घेतल्यावर भाजीपाला. ताप असला तरी गायचं, दात दुखला तरी गायचं. सासू गेली त्या दिवशी सुतकाची आंघोळ करताना काय गावं, हा मोठाच प्रश्न पडला. सगळं गाव अंगणात बसलेलं. चंद्राबाईनं हळू आवाजात वांगी गायली.

मग लेकीचं, कौसल्येचं, लग्न इंदापुरात झालं. दिवाळीला चंद्राबाई तिच्याकडं गेली. तिथल्या न्हाणीला दार होतं. दाराला आतून कडी होती. चंद्राबाईनं कडी लावली, दगडावर बसली आणि सवयीनं तोंड उघडलं.

मिटलं.

तोंड बंद ठेवून अंगावर पाणी घेतलं की पाण्याचाही आवाज येतो, हे तिला तिथं कळलं. पाणी निवेपर्यंत ती बसून राहिली. काय विचार केला म्हणाल, तर काहीच नाही. तेच तर.

*

त्या साली पाटाला पाणी भरपूर आलं, गूळ चांगला गेला आणि रावजीनं नवी न्हाणी बांधायचं काढलं. त्याच्या डोक्यात फरशी होती, बंब होता, मोराच्या तोंडाचा नळ होता, दाढी करायला आरसा होता.

"सणसरची माणसं बगाय आली पायजेत," तो म्हणाला.

"मला आतनं कडी पायजे," चंद्राबाई म्हणाली.

"ती बी घिऊ की."

"ती पयली."

"पयली फरशी असती गं. कडी काय हवंत लावतीस?"

सर्व्हिस मोटारीनं दोघं सकाळी बारामतीत उतरली. कडी घेतल्याशिवाय घरी यायचं नाही, असं चंद्राबाईनं ठरवलं होतं. हे रावजीला तिनं सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं? तो फरशीच्या वखारीत दगडांना टिचक्या मारत फिरत होता, कान लावून, जशी काही फरशी त्याला काही सांगणार होती. फरशी ठरली, ती गाडीनं मागाहून येणार होती. मग तांबट आळीत बंब. बंबाच्या पोटात रावजीनं आपला चेहरा बघितला, मिशी उजवी-डावीकडं करून बघितली आणि बंब घेतला. मोराच्या तोंडाचा नळ मिळाला नाही. पोपटाचा होता.

दुपारपर्यंत कडीची पाळी आलीच नव्हती.

*

लोखंडी सामानाचं दुकान.

"कडी-कोयंडा दावा."

"गोठ्याला का घराला?"

"न्हाणीला."

"न्हाणीला?" दुकानदारानं रावजीकडं बघितलं. "न्हाणीत काय हाय चोरायला?"

"मी हाय," चंद्राबाई म्हणाली.

दुकानदार खोकला. रावजी एकदम बिजागऱ्या बघायला लागला.

"मंग बाहीरनं लावा की, मावशी. कुत्रं शिरणार न्हाय, शेरडं शिरणार न्हाईत."

"कुत्र्याचं काय न्हाय. ते बगून गप जातं. आतनं लावायचीय."

"आतनं लावली तर बाहीरच्यांनी काय करायचं?"

"थांबायचं."

दुकानदारानं हा शब्द असा ऐकला, जसा काही तो मालाच्या यादीत नव्हता. मग त्यानं वीतभर लांबीची कडी, कोयंडा आणि मूठभर स्क्रू कागदात बांधून दिले. पुडी त्यानं रावजीपुढं धरली. चंद्राबाईनं ती घेऊन ओटीत खोचली.

*

बारामतीत अजून सुतार राहिला होता. सुताराचं नाव दत्तोबा. न्हाणीचं दार तोच करणार होता. त्यानं पुडी उघडली, कडी उलटीपालटी केली, कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

"कोठीला आतनं कडी लावत्यात का? न्हाय. देवळाला लावत्यात का? न्हाय."

"दत्तोबा, कोठीत जोंधळं असत्यात. त्यांस्नी लाज नसती."

"आवो पर वैनी, आत चक्कर आली म्हंजी? पडलीसा म्हंजी?"

"पडू दे."

"दार फोडावं लागंल."

"फोडा. पर आदी हाक मारा."

दत्तोबा रावजीकडं वळला. "कारभारी, तुमचं काय म्हननं?"

रावजीचं म्हणणं असं होतं की, पहाटे गाता गाता चंद्राबाई भोपळ्यावर आली की त्याला कळायचं, आता आपलं पाणी तापलं. कारल्याला तो उठायचा. हे त्यानं सुताराला सांगितलं नाही. "तिला लावायची तर लाव," एवढंच तो म्हणाला.

"मला न्हाय जमायचं," दत्तोबा म्हणाला. "दार आत उघडायचं का बाहीर, पान्यानं फुगलं तर कडी अडायची न्हाय का, म्या आजवर कुटं बगितलं न्हाय. नमुना दावा. मापं आना. मग करतो."

नमुना इंदापुरात होता.

"चला," चंद्राबाई म्हणाली.

"आज?"

"मोटार हाय अजून."

*

मोटार सणसरवरून गेली. त्यांच्याच घराचं कौल दिसलं, त्यांचंच कुत्रं मोटारीमागं भुंकत धावलं. रावजीनं उतरायला टोपी सारखी केली. चंद्राबाई पुढं बघत राहिली. निदान बंब तरी उतरवू, असं ती म्हणाली, तर रावजी उतरवू देईना. व्याह्यांनी बघायला पाहिजे होता.

*

कौसल्येच्या सासऱ्यांच्या, आबासाहेबांच्या, दाराशी मोटार थांबली तेव्हा मागच्या अंगणातून गाणं येत होतं.

"पाटाच्या कडंला, बाई, भेंडी लवंल ती,
गवार तोडू गं कशी, बोटं खाजवीती..."

चंद्राबाई पायरीवरच थांबली. भेंडी तिची होती. गवार तिची होती. "बोटं खाजवीती" हे तिनं स्वतः, एका थंडीत, दात वाजत असताना केलेलं होतं.

ओले केस पुसत कौसल्या पुढं आली. आईबापाला बघून हसली. चंद्राबाई तिच्याजवळून सरळ मागं गेली. न्हाणीला दार होतं. दाराला आतून चार भोकं होती.

"कडी कुटं गेली गं?"

कौसल्या चोळीची गाठ बघायला लागली. उत्तर आबासाहेबांनी दिलं. ते नुकतेच पाय धुऊन बसले होते.

"काडली. म्याच काडली. सूनबाईला लई गोडी लागली तिची. आत जाऊन बसायची, हाक मारली तर ओ न्हाय. मानसानं पाय धुवायचं कुटं? आता बगा, गानं म्हनती. झ्याक म्हनती. आमच्या आळीत असं गानं न्हाय."

"आत काय करत हुतीस?" चंद्राबाईनं लेकीला विचारलं.

"काय न्हाय आई. बसत हुते."

"हां," चंद्राबाई म्हणाली.

रावजीनं येण्याचं कारण सांगितलं, तशी कौसल्येची सासू ठमाबाई कोनाड्यातून जुनी कडी काढून घेऊन आली. तिच्यावर पणती ठेवायची सवय पडली होती, म्हणून तेलकट होती. "तुमास्नी नमुना पायजे न्हवं, इहीणबाई? हीच न्या की. आमाला काय कामाची?"

चंद्राबाईनं कडी हातात घेतली. मग शेजारच्या ओट्यावर ठेवली.

"रस्त्याची धूळ लई बसलीय," ती म्हणाली. "पाय धुती जरा."

*

बंब अंगणात उतरवला होता. रावजी त्याचं झाकण काढून दाखवत होता, कोळसा कुठं घालायचा, राख कुठनं पडते, आणि हा पोपट. ठमाबाई पोपटाच्या चोचीत बोट घालून बघत होती. कौसल्या चहा टाकायला गेली होती. आबासाहेब बैलांना वैरण टाकायला मागच्या दारानं गोठ्यात गेले होते. वैरण टाकली की पाय धुवायचे, हे ठरलेलं. घमेलं ठेवलं. तांब्या घेतला. न्हाणीपाशी आले. कान दिला.

गाणं नव्हतं.

रावजीनंही कान दिला होता, अंगणातून, हातात झाकण धरून. गाणं का नाही, हे त्याला कळायच्या आत आबासाहेबांनी दार ढकललं.

चंद्राबाई दगडावर बसली होती. लुगडं नेसून, पदर डोक्यावर, पाय घंगाळात. तिनं वर बघितलं. आबासाहेबांच्या हातातल्या तांब्याकडं बघितलं.

"या, बसा," ती म्हणाली.

आबासाहेब किंचाळले. खरं तर किंचाळायचं तिनं होतं, पण ती पाळी त्यांनी घेतली. तांब्या दगडावर आपटला, गडगडत अंगणात आला आणि बंबाला ठोकर देऊन थांबला. त्यामागून आबासाहेब आले, सरपणाच्या ढिगावरून, एका पायात वहाण. शेजारच्या माडीवरून दोन बायकांनी डोकी काढली.

"काय झालं वो?" ठमाबाई ओरडली.

"आत... आत इहीणबाई!"

"आनि तुमी कशाला आत गेलासा?"

"गानं न्हवतं!"

"गानं न्हवतं म्हनून इहिणीच्या न्हाणीत शिरलासा?" हे ठमाबाईनं माडीपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं. विचारून झाल्यावर तिला कळलं की आवाज खरंच माडीपर्यंत पोचला. तिनं पदर तोंडाला लावला.

चंद्राबाई ओल्या पायांनी बाहेर आली. "माजंच चुकलं," ती म्हणाली. "घशात धूळ गेली हुती. गाता आलं न्हाय. आता असं हाय, इंदापुरात आमच्या सणसरच्या किती बाया दिल्यात, त्या इचारनार, काय वो, व्याह्यांच्या घरी काय झालं. मी काय सांगू? मला खोटं बोलता येत न्हाय."

कौसल्या चहाची किटली धरून उंबऱ्यात उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

"व्याही," रावजी म्हणाला. तो आतापर्यंत झाकण धरूनच होता. "कडी लावा बगू. मला मापं बी घ्यायचीत."

*

जुने स्क्रू हरवले होते. चंद्राबाईनं ओटीतली पुडी सोडून आपले दिले. आबासाहेबांनी सुरीच्या टोकानं स्वतः कडी लावली. गड्याला हाक मारली असती तर गड्याला कारण सांगावं लागलं असतं. एक स्क्रू वाकडा बसला. रावजीनं दोरी धरून चौकटीपासून कडीपर्यंत, कडीपासून कोयंड्यापर्यंत गाठी मारून घेतल्या.

कडी लागते की नाही, ते बघायला कौसल्या आत गेली. लागली. सगळे बाहेर उभे राहिले. आतून काहीच आवाज आला नाही.

"सूनबाई?" आबासाहेब म्हणाले.

आवाज नाही.

"सूनबाई, लागली का कडी?"

चंद्राबाईनं चहाचा घोट घेतला. "लागलेली दिसतीया," ती म्हणाली.

*

परतीच्या मोटारीत बंब पुन्हा टपावर. चंद्राबाईच्या ओटीत कडी, कोयंडा, उरलेले दोन स्क्रू. रावजीच्या खिशात गाठींची दोरी.

निमगाव केतकी गेल्यावर रावजी बोलला.

"तू मुद्दाम न्हाई गायलीस."

"व्हय."

"आनि आपल्यात दार झाल्यावर?"

"न्हाई गानार."

त्यानं खिशातल्या दोरीच्या गाठी चाचपल्या. "मंग मला कसं कळनार, पानी तापलं ते?"

"बंबात हात घालून बगा."

"भाजील."

"मंग कळंल."

मोटार पाटाच्या पुलावर चढली, बंब कण्हला. रावजीनं वर बघितलं. मग, अगदी हळू, वेगळ्याच आवाजात विचारलं, "भोपळा बी न्हाय?"

"भोपळा शेतात गाईन," चंद्राबाई म्हणाली. "तुमी लांब असलासा म्हंजी."

*

चंद्राबाईचं माहेर डाळजचं. तिथं घराला न्हाणी नव्हती. बायका पहाटे भीमेच्या वरच्या डोहावर आंघोळ करत आणि पुरुष खालच्या वळणाला जात. गावं कुणालाच लागत नसे.