शेंदूर लागलेला टोप

मित्रांनो, बळीरामचा पाय मोडला त्यात मनोहररावांचा फायदा किती होता, ते आधी मांडू या. बळीरामनं दोन हजार घेऊन कागदावर सही केली, की कंपनी मनोहररावांवर खूश होणार. पुढची माणसं पुरवायचा ठेका त्यांनाच मिळणार. वर ‘गरिबाला घरपोच पैसे दिले’ हे पुण्यही त्यांच्याच नावावर. एवढ्या सगळ्याच्या आड काय आलं? मी. एक जुना, पिवळा, चीर गेलेला टोप. कंपनीत मला हेल्मेट म्हणायचे. नागपूरजवळच्या खापा गावात टोप म्हणतात, आणि आता मला तेच बरं वाटतं.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून माझे शेकडो भाऊ निघाले, सगळ्यांचं तोंड सारखं. १९७८ साली आमची रवानगी थेट समुद्रात झाली. किनारा दिसणार नाही इतक्या आत एक मोठं सपाट जहाज उभं होतं. त्याला बार्ज म्हणत. समुद्राच्या तळातून तेल काढायचं काम चाललं होतं. त्यासाठी लागणारे लोखंडी नळ बार्जवरची क्रेन उचलायची. त्या नळांना दोर बांधायला ठेकेदार मनोहररावांनी नागपूरकडून माणसं नेली होती. मी त्यांतल्या बळीरामच्या डोक्यावर बसलो.

बळीराम खाप्याचा विणकर. मागावर पोट भरेना म्हणून आलेला. कन्हान नदीपेक्षा मोठं पाणी त्यानं पाहिलं नव्हतं. पहिले आठ दिवस बिचारा नुसता ओकत होता. पण काम संपलं की मला फडक्यानं पुसून खुंटीला टांगायचा. इतकी माया नंतर मला कुणी दाखवली नाही.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात आणि पूजलेलं अवजार दिवसभर चालवत नाहीत. मनोहरराव मोठे देवभोळे. पूजेसाठी मुद्दाम बोटीनं बार्जवर आले. क्रेनच्या हुकाला त्यांनी हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. हजेरीत सुट्टी लागली.

दुपारी नळ घेऊन दुसरी बोट आली. बोट थांबली तर कंपनीला तिचं भाडं चढणार. मनोहरराव म्हणाले, “अर्ध्या तासाचं काम आहे. देव समजून घेईल.”

देवानं समजून घेतलं असेल, समुद्रानं नाही. लाट आली, बार्ज कलली, रिकामा हुक झोक्यासारखा आला आणि माझ्यावर आदळला. बळीराम खाली पडला आणि एक नळ गडगडत त्याच्या पायावर आला. डोकं मी वाचवलं. पाय माझ्या हद्दीत नव्हता.

दोन महिने इस्पितळात काढून बळीराम मला घेऊन खाप्याला आला. पाय गुडघ्यातून वाकेना, म्हणजे मागही गेला. मनोहरराव कागद घेऊन हजर. कागदावर होतं, की त्या दिवशी क्रेन बंद होती, बळीराम शिडीवरून घसरला, तरी कंपनी दया म्हणून दोन हजार देते.

“मी शिडीवर चढलोच नाई ना गा!” बळीराम म्हणाला. पण सांगणार कोण? बाकीच्यांना पुन्हा समुद्रावर जायचं होतं, त्यामुळे त्यांना काहीच दिसलेलं नव्हतं.

त्याची बायको तुळसाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “आज अमावस्या हाय, भाऊ. अमावस्येले सही कशी करावं?”

मनोहररावांनी लगेच कागदाची घडी केली. “बरोबर आहे वहिनी, परवा येतो.” जाता जाता त्यांची नजर माझ्यावर पडली. “हा फुटका टोप कशाला टांगला? अपशकुन आहे. नदीत टाका.”

तुळसाबाईनं मला पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं नागपूर गाठलं. तिथल्या महाल भागात उत्तराताई वकील राहत. त्यांच्या आईला तुळसाबाईच्याच हातचं लुगडं लागे.

“काय वं तुळसाबाई, लुगडं आणलं?” ताईंनी विचारलं.

“नाई ताई, नवऱ्याचं डोकं आणलं,” असं म्हणून तिनं मला टेबलावर ठेवलं.

उत्तराताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या चिरेत बोट घातलं. बोट केशरी झालं.

“हे घासलं नाहीस ते बरं झालं.”

“राखेनं घासून राहिली होती मी. नवऱ्यानंच घासू नाई देलं. म्हणे, जसा हाय तसा राहू दे.”

उत्तराताईंनी मनोहररावांना निरोप धाडला, की सही आमच्याकडेच होईल. ते आनंदानं आले. बळीराम आणि तुळसाबाई कोपऱ्यात बसले होते आणि मी टेबलाखाली.

“क्रेन बंद होती म्हणता. पूजा तरी नीट झाली होती का?” उत्तराताईंनी विचारलं.

मनोहररावांना हे लागलं. “म्हणजे काय ताई! मी स्वतः केली. हुकाला शेंदूर चढवला, तेलात कालवून, माझ्या हातानं.”

“टोपांनाही लावला असेल?”

“छे हो! डोक्यावर घालायची चीज जमिनीवर मांडायची? टोप पूजेत नव्हतेच. शेंदूर फक्त हुकाला.”

“मग हुक खालीच राहिला असेल, कुणाचं डोकं लागलं असेल.”

“खाली कसा? पूजा झाल्यावर चार पुरुष उंच नेऊन बांधला. कुणाचा हात पोचणार नाही!”

उत्तराताईंनी मला टेबलावर ठेवलं, चीर त्यांच्याकडे करून. “मग मनोहरराव, हा शेंदूर इथं कसा आला? हुक काय बळीरामचं दर्शन घ्यायला खाली उतरला?”

मनोहररावांनी शेंदूर ओळखला, स्वतःच्या हातचा होता. हुक वर बांधलाच नव्हता म्हणावं, तर स्वतःचीच पूजा अर्धवट ठरत होती. त्यांनी पाणी मागितलं.

“पान्यासंगं पेढा देऊ का, भाऊ?” तुळसाबाईनं विचारलं.

नोटीस गेली. सुट्टीच्या दिवशी क्रेन का चालवली, हा प्रश्न कंपनीला कुठंच नको होता. कामगार आयुक्तांसमोर भरपाई ठरली अठरा हजार, इस्पितळाचा खर्च वेगळा. ते कळलं त्या दिवशी बळीराम मला डोक्यावर घालून एस.टी.त चढला. कंडक्टरनं विचारलं, “काहून गा, छत पडून राहिलं काय?” बळीराम सावनेरपर्यंत हसत होता.

त्यानं सुताचं दुकान टाकलं. मी काही वर्षं दुकानात मानानं टांगलेला होतो. नंतर अंगणात आलो, आणि आता माझ्यात कोंबडी अंडी घालते. तक्रार नाही, ऊब असते. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. अवजार पुजाल तर त्या दिवशी त्याला खरोखर विसावा द्या. आणि काम करताना कुणाला लागलं, तर त्याचं फुटलं-तुटलं सामान धुऊ नका, फेकू नका. आधी शहाण्या माणसाला दाखवा.

आता कुणी काय भरलं ते सांगतो. कंपनीनं अठरा हजार भरले. मनोहररावांनी ठेका गमावला. उत्तराताईंनी फी म्हणून एक लुगडं घेतलं, पण त्याचं सूत स्वतःच्या पैशानं आणून दिलं. मी एक चीर दिली. बळीरामनं पाय दिला, आणि त्याची पावती त्याला कुणी दिली नाही. डोकं मात्र शिल्लक राहिलं. ते आत्ता, या घडीला, दुकानात एका गिऱ्हाइकाशी सुताच्या भावावरून भांडून राहिलं आहे.