कमलेशचं दुसरं हेल्मेट

मी कमलेशचं दुसरं हेल्मेट बोलतोय. पहिलं त्याच्याबरोबर शर्यतीला गेलं आणि परत आलं नाही. तोही आला नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. पण डोकं मिळालं ते ठाण्यात, बाळकुमला. कमलेश कार रेसर. नव्या हेल्मेटची आतली गादी कडक असते. ती चेहऱ्यावर नीट बसावी म्हणून तो मला घालून घरभर वावरायचा. टीव्हीसुद्धा तसाच बघायचा. त्याची आई, कमळाबाई, ताट घेऊन उभी राहायची.

"आरं, जेवताना तरी काढ त्यो टोप. भात काय कानान घालू तुज्या?"

तो आतल्या आत हसायचा.

पुढच्या शर्यतीला तो मला नेणार होता. त्याआधीच, दूर दक्षिणेतल्या ट्रॅकवर, एका वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली. घरी माणसं जमली, पांगली. मला त्याच्या फोटोशेजारी शोकेसमध्ये ठेवलं. दसऱ्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. डोक्यासाठी जन्मलेल्या मला लोक नमस्कार करू लागले. उचलून मात्र कोणी घेईना.

मग त्याचा वाढदिवस आला. मित्रांनी घोडबंदर रोडवर बाईक रॅली ठरवली. घराखाली उभ्या असलेल्या उघड्या जीपच्या बॉनेटवर हार घालून मला बांधलं. मागे बाईकच बाईक, आणि एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. सगळ्यांत पुढे कमलेशची धाकटी बहीण ऋतिका, त्याच्याच बाईकवर.

"भाईला स्पीडनेच सलामी द्यायची!" एक मित्र ओरडला.

"ऋतिका, केस मोकळे सोड ना, रील बनतेय!"

कमळाबाई अनवाणीच खाली आली. हार तोडून तिनं मला उचललं.

"काकी, ते भाईचंय! गेलेल्याची वस्तू घालायची नसते," जीपवरचा मित्र म्हणाला.

"मंग जित्या पोरीला काय घालू? फोटोचा हार?"

तिनं मला ऋतिकाच्या डोक्यावर बसवलं. मी डगमगलो. माझी गादी कमलेशच्या गालांची झालेली. ही पोर आत सैल पडली. तिनं मान हलवली आणि मी थेट डोळ्यांवर घसरलो.

"आई, हे मला नाही बसत गं," ती म्हणाली. मला काढलं, बाईकची चावीही काढली आणि दोन्ही आईच्या हातात दिली.

बाकीचे गेले. हॉर्न मारत, उघड्या डोक्यांनी.

म्हणून कळवळून सांगतो, आम्हाला हार घालू नका. आम्हाला पूजा नको, डोकी हवीत. आणि ज्याचं डोकं, त्याच्याच मापाचं हेल्मेट घ्या. गेलेल्याच्या आठवणीनं मागे राहिलेल्याचं डोकं वाचत नाही.

आता दाराजवळच्या खिळ्याला ऋतिकाचं नवं हेल्मेट असतं. माझ्याशी ते बोलत नाही, त्याला वेळ कुठे? सकाळी जातं. मी काचेमागून दाराकडे बघत राहतो. संध्याकाळी ते खिळ्याला अडकलं, की मगच मला या घरात बरं वाटतं.