टक, टक, ठाक

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पट्टी आहे. सुताराने मला रेघा मारायला बनवले. फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंनी मला ठोके द्यायला लावले. शिकवणी त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत चाले. क्रियापदाचे रूप त्या मला टेबलावर वाजवून फोडत. प्रत्येक तुकड्याला हलका ठोका, शेवटच्या तुकड्यावर जोर, म्हणून तिथे दणका. तास रोज एकाच शब्दाने सुरू होई. रा-काँ-ते. म्हणजे ‘सांगा’. टक, टक, ठाक! मग प्रत्येकाने कालचा दिवस फ्रेंचमध्ये सांगायचा.

“बाई, काल काहीच घडलं नाही,” शिकवणीतला गोलू म्हणे.

“मग तेच सांग. आणि जोर शेवटी दे, मधेच पाय आपटू नकोस!”

बाईंची लेक तेव्हा आतल्या खोलीत एकटी जेवत असे. तिला ‘सांग’ म्हणायला बाईंना कधी सवड झाली नाही. बाई माझ्या असल्या तरी मी हे झाकणार नाही.

पुढे बाईंना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. त्यांनी मला डाव्या हातात धरले. लेक कामावरून आली की पलंगाच्या कडेवर मी वाजे. टक, टक, ठाक!

“पाणी देऊ? पंखा लावू? अगं आई, हवंय तरी काय तुला?”

टक, टक, ठाक!

“डोकं उठवलंस बघ!” तिने मला हिसकावले आणि कपाटावर भिरकावले. बाई रडल्या. लेकीला तो हट्ट वाटला. मी वर धूळ खात वाकले.

बऱ्याच काळाने गोलू भेटायला आला. आता तो पोट सुटलेला टॅक्सीवाला झाला होता.

“ताई, बाईंची पट्टी दिसत नाही?”

“वर टाकलीय. जीव खायची नुसती. दोन हळू, एक जोरात, रोज मी घरी आले की सुरू.”

गोलूने बोटांनी पलंगाच्या कडेवर तेच वाजवले, टक, टक, ठाक. “अहो ताई, ते ‘सांग’ आहे. तुमचा दिवस कसा गेला, ते विचारत होत्या त्या.”

लेकीने मला काढले, बाहीने पुसले, आईच्या तळव्यावर ठेवले. बोटे मिटली नाहीत, आता डावा हातही गेला होता. मी चादरीवर घसरले. मग तिनेच मला उचलून पलंगावर ठोके दिले. “आई, आज ना ऑफिसात…” बाई भिंतीकडे बघत राहिल्या. ती तरी सांगत राहिली.

मित्रांनो, मला तेल नको, काचेचे कपाट नको. आजारी माणूस काही आपटत असेल तर ते हिसकावू नका. त्याच्याजवळ बसा, आपले काहीतरी सांगा, आणि त्याचा हात चालतोय तोवर सांगा. नंतरचे ठोके नुसते लाकडावर पडतात.