एक हजार नऊ माणसांचा फोटो

फरशीच्या कारखान्यात रीतच होती: माल समान ओळींत रचायचा आणि शेवटी एखादी फरशी उरलीच, तर ती तिथल्या तिथे फोडायची. उरलेली वस्तू मालकांच्या डोळ्यांत खुपायची. त्यामुळे सगळ्या कामगारांचा फोटो काढायचं ठरलं, तेव्हा फर्मान निघालं: ओळी समान हव्यात, उरेल त्याने घरी जावं.

हजेरी-कारकुनाने लगेच कागद-पेन्सिल ओढली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडून तो उद्या निवृत्त होणार होता. "तुम्ही तिथे होतात याचा एक तरी पुरावा आणा," असं बायकोने सकाळीच बजावलं होतं. डोकी भरली एक हजार नऊ. दोनाने भागलं, एक उरला. तीनाने, चाराने, साताने, नवाने, तरी एकच. हा मेला एक म्हणजे आपणच, अशी त्याची खात्री पटली. पाचाने भागलं तर चार उरले, तेवढीच सोबत. एकतीसपर्यंत त्याने घाम गाळला, पण कशानेही भाग जाईना.

"मूळ संख्या आहे, साहेब. कुणालाच दाद देत नाही."

"उलटी करून बघा," मालक म्हणाले.

"नऊ हजार एक. तीही मूळच."

"सगळं घराणंच हट्टी दिसतंय!"

"पण दोन चौरस होतात. अठ्ठावीस ओळी अठ्ठावीसच्या, शेजारी पंधरा ओळी पंधराच्या. कुणी उरत नाही."

"दोन गट? लोकांना वाटेल भांडण झालंय. त्यापेक्षा तुम्ही बाजूला व्हा. त्रेसष्टच्या सोळा ओळी कशा झकास होतात!"

कारकून जन्मात पहिल्यांदा मालकांवर ओरडला. "मी फरशी नाही! एकच ओळ करा, एक हजार नऊंची. तीही समानच की!"

मालकांनी बराच विचार केला. नियमात बसत होतं.

ओळ फाटकातून निघाली ती रस्त्याने थेट पुलापर्यंत गेली. सगळे मावावेत म्हणून फोटोग्राफर मागे मागे सरकत पलीकडच्या टेकडीवर चढला. तिथून तो "हसा" कधी म्हणाला ते कुणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून सगळे तासभर हसत उभे राहिले.

फोटो आला. त्यात मधोमध एक काळा दोरा होता. कारकून डावीकडून सहाशे तेरावा होता, म्हणून भिंग आणि टाचणी घेऊन तो मोजायला बसला. भांडी टाकून बायको आली आणि तिने दोऱ्यावर ओलं बोट टेकवलं. "हे काय, इथे तुम्ही!"

"उगीच काहीतरी बोलू नकोस," तो खेकसला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

दोनदा चुकून, तिसऱ्यांदा टाचणी सहाशे तेरावर पोचली. तिथे तिच्या बोटाचा डाग अजून सुकायचा होता.

"कसं ओळखलंस गं?"

"एकतीस वर्षं रोज खिडकीतून तुम्हाला लांबून येताना बघतेय," ती म्हणाली.