दिवसा लावलेली कडी

मी कडी बोलतेय. लोखंडाची, वीतभर लांब, आष्टीच्या बाजारात खिळे-बिजागऱ्यांच्या ढिगातून उचललेली. गहिनीनाथरावांनी मला मधल्या खोलीच्या दाराला आतून बसवलं आणि विसरून गेले. आमच्या गावात दिवसा कडी लावायची रीतच नाही. दिवसाउजेडी दार बंद दिसलं, की घरात कुणी आजारी आहे नाहीतर भांडण झालंय, असं लोक धरूनच चालतात. मी वर्षानुवर्षं गंजत लटकले.

मग त्यांची प्रियदर्शनी बारावी झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत तिला घरी बसून करायची नोकरी लागली. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, तक्रारी ऐकायच्या. गहिनीनाथरावांनी पारावर पेढे वाटले. पण फोन चालू असताना शेळी ओरडली, मिक्सर फिरला, की साहेबांची बोलणी बसायची. घरातला आवाज आला तर नोकरी जाईल, असं त्यांनी बजावलंच होतं. म्हणून ती सकाळी मला लावायची, आणि पोर बदलूनच जायची. "नमस्कार, मी प्रियदर्शनी. आपल्याला काय मदत करू?" नोकरी तिची होती, पण राबत मीही होते. मला त्याचा अभिमान वाटायचा.

शेजारच्या छबुबाईंना हे कसं सोसावं? साखर मागायच्या निमित्तानं आल्या आणि दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

"बबिता, पोरगी दिवसा कडी लावून कुणासंगं बोलती गं? सारखं सर, सर चालू हाय."

"कंपनीचं काम हाय, मावशी," पोरीची आई म्हणाली.

आईच्या शब्दावर गाव थांबतंय होय! बातमी तिखटमीठ लागून गहिनीनाथरावांच्या कानावर गेली. पेढे खाल्लेलीच तोंडं होती ती. ते घरी आले ते पेचकस घेऊनच.

"अप्पा, दार उघडं ठिवलं तर मला काढून टाकतील."

"काम कर की. कोण न्हाई म्हणतंय? पण दार उघडं ठिवून कर. लोकं काय काय बोलायलीत."

माझे स्क्रू निघाले. न्हाणीची कडी कधीची मोडली होती, तिथं मला बसवलं. लोखंड वाया घालवू नये एवढी अक्कल त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी लॅपटॉप घेऊन न्हाणीत आली, बादली पालथी घालून बसली आणि मला लावलं. या दाराला दिवसा कडी लागली तरी कुणी काही विचारत नाही, हे तिनं बरोबर हेरलं होतं. खाली ओल, नाकात साबणाचा वास, आणि ही म्हणतेय, "क्षमस्व सर." कुणी दार ठोठावू नये म्हणून बबिता बाहेर तांदूळ निवडत बसायची. मला कीव यायची आणि संतापही. एवढ्या घरात पोरीला बसायला न्हाणीच मिळावी?

छबुबाईंचं लक्ष होतंच. "पोरगी घडीघडी न्हाणीत जाती. उलट्या-बिलट्या व्हायल्यात का काय?" त्यांनी एवढंच विचारलं. बाकीचं गावानं जुळवलं.

त्या दिवशी गहिनीनाथराव तडक न्हाणीवर आले आणि दार बडवायला लागले.

"उघड! काय करायलीस आत?"

मी स्क्रूंसकट हादरले. फोनवरच्या माणसाचा फ्रीज पोचला नव्हता. "मॅडम, तुमच्याकडे भांडण चाललंय का?" त्यानं विचारलं.

"नाही सर. आपली तक्रार नोंदवली आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. फोन संपवून तिनं स्वतःच मला काढलं.

गहिनीनाथरावांनी पालथी बादली पाहिली, लॅपटॉप पाहिला. खरं काय ते कळलं त्यांना. पण चुकलो म्हणाले नाहीत. "लोकांला काय सांगू मी?" एवढं बोलून निघून गेले. फोनवरचं सगळं कंपनीनं ऐकलं होतं. संध्याकाळी नोकरी गेली.

आता मुलगी बघायला पाहुणे आले, की तेच गहिनीनाथराव छाती फुगवून सांगतात, "कंपनीत होती, पण उंबरा वलांडला न्हाई पोरीनं." पाहुणे माना डोलावतात. बबिता चहाचं निमित्त करून आत जाते.

मी अजून न्हाणीच्याच दाराला आहे. प्रियदर्शनी रोज दुपारी आत येते आणि मला लावते. पाणी सांडत नाही, रडण्याचा आवाजही येत नाही. नुसती बसते. माझा जोर तो किती, दोन धक्क्यांत निखळून पडेन. म्हणून कळवळून सांगते, बाहेरून जात असाल तर तसेच पुढं जा. दार वाजवू नका.